सड्यावरची नवी शेड

४ ऑक्टोबर

आज शेडीचे खांब उभे राहिले. सड्यावर, गावावरच्या या उघड्या कातळावर, वारा इतका की क्रेनवाला मधेच काम सोडून चहाला बसला. शेवटचा खांब बसल्यावर कंपनीतर्फे इथलं काम बघणाऱ्या इनामदार साहेबांनी नारळ फोडला. मला पेढा देऊन म्हणाले, "सुमनताई, तुमच्या माहेरी कारखाना आणला. आता कालवांचं सुकं कधी खायला घालताय?" मी हसले. वैनी करेल म्हटलं.

संध्याकाळी दादाकडे (इथे असेपर्यंत मुक्काम त्याच्याकडेच) जेवताना अचानक लक्षात आलं. खांबांना ब्रॅकेट नाहीत. शेडीत वरून फिरणारी क्रेन हवी असेल तर तिचा रूळ ज्यावर टेकतो ते ब्रॅकेट खांबाला आधीच जोडून येतात. इचलकरंजीला आमचा यंत्रमाग बनवायचा कारखाना आहे, तिथल्या जोडणी विभागात आहेत तसे. मागाच्या एका बाजूची फ्रेम चार माणसांना हलत नाही. इथे माग जोडायचे आहेत ना? मग उचलणार कशाने?

वैनी म्हणाली, "आमटी गार होता गो." 

५ ऑक्टोबर

विचारलं. इ.सा. (सगळं नाव लिहायचा कंटाळा) म्हणाले, "क्रेन दुसऱ्या टप्प्यात."

दुसरा टप्पा हा शब्द आज पहिल्यांदा ऐकला. आणि उत्तर फार पटकन आलं. प्रश्न येणार हे ठाऊक असल्यासारखं.

८ ऑक्टोबर

दादाच्या मुलीला, तन्वीला सोडायला कणकवलीला गेलो, मी आणि दादा. गावातली सात-आठ मुलं-मुली कंपनीच्या गाडीने इचलकरंजीला निघाली, प्रशिक्षणाला. परत आली की इथेच कायम नोकरी, असं सांगितलंय. भाचीने नवीन बूट घेतलेत, जाड तळव्याचे. दादा पिशवीतले सुके बांगडे पुन्हा पुन्हा नीट करत राहिला. गाडी गेल्यावर म्हणाला, "सुमे, तुझ्यामुळा झाला ह्या."

माझ्यामुळे काही झालेलं नाही. मी क्वालिटीची बाई. भाग तपासते, खोट असली तर परत पाठवते. मला इथे का आणलं हे मलाच नीट कळलेलं नाही. "तुम्ही तिथल्याच" एवढंच साहेब म्हणाले होते. तेव्हा बरं वाटलं होतं.

१२ ऑक्टोबर

शेडीच्या मागे खड्डा. मोठा. जेसीबी सकाळपासून कातळाशी झगडतोय. इ.सा. म्हणाले, पावसाचं पाणी साठवायला.

बरं. पण खड्डा उताराच्या कडेला, जिथून व्हाळ, म्हणजे खाडीत उतरणारा ओढा, सुरू होतो तिथे. पाणी साठवायचं तर छपराच्या पागोळ्यांजवळ खणतील. आणि खड्ड्याशेजारी ताडपत्रीखाली विटा. ताडपत्री वाऱ्याने उडाली म्हणून दिसल्या. काळसर, गुळगुळीत, जड. ॲसिडने न झिजणाऱ्या. मी ओळखते. जुन्या कारखान्यात एकाच जागी आहेत, मागच्या प्लेटिंगच्या शेडीत. मागाच्या दांड्यांना आणि रुळांना जिथे क्रोमचा मुलामा देतात तिथे.

पावसाच्या पाण्याला ॲसिडच्या विटा?

१३ ऑक्टोबर

नवऱ्याला, प्रकाशला फोन केला. शाळेतून नुकताच आला होता, भात कुकरला लावत होता. सगळं ऐकून म्हणाला, "तुला नवराही तपासूनच घ्यायचा होता. खोट शोधणं तुझं कामच आहे, सुमन. विटा स्वस्त मिळाल्या असतील."

असेलही. फोन ठेवल्यावर वाटलं, हा इतका शांत कसा? मग स्वतःचीच लाज वाटली. प्रकाशवर कसला संशय घेते आहे मी.

१७ ऑक्टोबर

मालवणच्या बाजारात खानावळीत मगदूम! खिडकीजवळ बसून मासे खात होता. मला पाहिल्याबरोबर मान खाली. मी समोर जाऊन बसले.

मगदूम आमच्या प्लेटिंगचा फोरमन. सगळं आयुष्य क्रोमच्या टाकीवर गेलं. नाकाला सदैव रुमाल. वाफेने नाकाच्या आतला पडदा कधीच गेला त्याचा. चांगला माणूस. मी पहिल्यांदा कामावर आले तेव्हा बायकांसाठी वेगळा नळ मागायला माझ्यासोबत हाच आला होता.

"इकडे कुठे?"

"आलोय न्हवं देवदर्शनाला, ताई."

"कुठल्या देवाच्या?"

त्याला नाव सांगता आलं नाही. कुणकेश्वर म्हणावं की आंगणेवाडी, विचारात पडला. मग हसला आणि माशाचा काटा काढत बसला. पायात बूट होते. बुटांवर तांबडी धूळ. ती धूळ कुठल्या देवळात लागत नाही. आमच्या सड्यावरची आहे.

१८ ऑक्टोबर

मागच्या फाटकाची किल्ली माझ्याकडून काढून घेतली. "सुरक्षेसाठी एकाच ठिकाणी ठेवतो," इ.सा. फार गोड बोलून.

२१ ऑक्टोबर

राखणदार माझ्या स्कूटरच्या डिकीत हात घालताना दिसला. मी लांबून पाहिलं. अंगाचा भडका उडाला. म्हणजे माझ्या वस्तू तपासतात आता! तावातावाने गेले. "काय शोधतोयस?"

बिचारा दचकलाच. "ताई, शहाळी ठेवलंय. आमच्या माडाची आसत. तुमी उनात फिरतास म्हणान."

दोन शहाळी. खरंच.

आणि तरी ती प्यायच्या आधी मी विचार केला की यानं मला शहाळी का द्यावीत. काय होत चाललंय मला? ही अशी नव्हते मी. विटा खऱ्या आहेत, मगदूम खरा आहे. बाकीचं माझ्या डोक्यातलं किती आणि बाहेरचं किती, ते वेगळं करता येईना.

२४ ऑक्टोबर

तन्वीचा फोन. आनंदात होती. खानावळीत जेवण तिखट, मुली चांगल्या, खोलीत पंखा आहे.

"शिकवतायत काय गो?"

"टाकीर ठेवल्यानी आमका. दांडे आत सोडूचे, टायम बघूचो, काडूचे. आरशासारखे चकचकीत येतत, आत्या! तोंड दिसता!"

"सगळ्यांनाच टाकीवर?"

"सगळ्यांका. मगदूम मामा शिकयतत. मदी थोडे दिस नाय होते."

"जोडणी नाही शिकवत?"

"ता काय?"

मग मी हातमोज्यांचं विचारलं. देतात म्हणाली. घामाने आत हात भिजतात, मग काढते. काढू नको म्हटलं. जरा रागावूनच म्हटलं. फोन ठेवल्यावर मी पडवीत येऊन बसले. वैनी खाडीतून आली, डोक्यावर कालवांच्या शिंपल्यांची टोपली, गुडघ्यापर्यंत चिखल. "काय झाला गो?" काही नाही म्हटलं.

म्हणजे इथे माग जोडायचे नाहीतच. तिथली प्लेटिंगची शेड उचलून इथे आणायची आहे. टाक्या, विटा, वाफ, पाणी, सगळं. गावाला सांगितलंय "मशीनचा कारखाना".

२५ ऑक्टोबर

दादाला सांगितलं. होडीला डांबर लावत होता. ऐकून घेतलं, हात थांबला नाही.

"मगे?"

"मग काय दादा? ते पाणी व्हाळाने खाडीत येणार. वैनी जिथे कालवं काढते तिथेच येणार."

"येतला म्हणान कोणी सांगल्यान तुका?"

कोणीच नाही. हेच तर. कोणीच काही सांगत नाही.

तेव्हा भडकला. "खाडयेत आता काय उरलाहा गो? सुकती नि भरती तेवडी उरली. दिवसभर जाळा घेवन बसतंय नि घरच्या जेवणापुरता गावत नाय. तू शिकलंस, शेरात गेलंस, घोव गावलो, घर झाला. माझ्या चेडवाक आता खंय नोकरी गावता, तर तुका दुखता?"

खोटं कुठे होतं त्यात?

वैनी चुलीपाशी होती. तिने सगळं ऐकलं. तिला कोणी विचारलंच नाही, मीसुद्धा.

२९ ऑक्टोबर

इ.सा.ना सरळ विचारलं, त्यांच्या कंटेनरच्या ऑफिसात. एसी चालू, बाहेर कातळ तापलेला.

"इथे प्लेटिंग येणार आहे का?"

वाटलं होतं नाकारतील. नाकारलं नाही. खुर्ची पुढे ओढली. म्हणाले, "तुम्ही ओळखणार हे मला माहीत होतं. लहानसं युनिट आहे, ताई. परवानगी रीतसर. पाणी शुद्ध करायचं नवीन यंत्र येतंय. बाहेर पडेल ते पिण्यासारखं असेल."

"मग गावाला सांगितलं का नाही?"

"घाबरतात हो लोक. क्रोम म्हटलं की घाबरतात. पुढच्या महिन्यात ग्रामसभा आहे, तिथे कंपनीतर्फे तुम्हीच बोला. मशीनच्या भागांचं युनिट, एवढंच सांगा. ते खोटं नाही ना?"

खोटं नाही. खरंही नाही. आयुष्यभर मी असे भाग परत पाठवत आले. मापात बसतात, पण बसवले की आवाज करतात.

निघताना म्हणाले, "युनिट चालू झालं की प्रमुख कोण, हे अजून ठरायचंय." आणि माझ्याकडे पाहत राहिले.

यासाठीच आणलं मला? गावची मुलगी, म्हणून?

३ नोव्हेंबर

मगदूमला गाठलं. आता लपत नाही, मुक्कामालाच आलाय. सड्यावरच पत्र्याच्या खोलीत राहतो, टाक्यांच्या जागा आखून देतो.

"तुमास्नी सांगायचं न्हाई असं बजावलं हुतं, ताई."

पाणी शुद्ध करायच्या यंत्राचं विचारलं. चांगलं असतं का?

"चांगलं मशीन हाय. चालवलं तर चालतंय. पर त्याला पावडर लागती, करंट लागतो, मागं लागणारा माणूस लागतो. खाली गाळ बसतोय, त्यो उचलून न्यावा लागतो. मग कवातरी कुणीतरी म्हणतंय, आज ऱ्हाऊ दे. आज ऱ्हायलं की उद्या बी ऱ्हातंय."

"आपल्याकडे राहतं का तसं?"

रुमाल नाकाला लावला. "तपासणीवाले येनार म्हटलं की चालवतोच की."

इतकी वर्षं त्याच आवारात मी काम करते. मागच्या शेडीकडे माझं जाणंच नसे. चकचकीत दांडे माझ्या टेबलावर यायचे, मी त्यांची जाडी मोजायची. पाणी कुठे जातं हे कधी मनातही आलं नाही.

उठताना मगदूम म्हणाला, "हितं तुम्हीच प्रमुख व्हा, ताई. तुमी असला तर चालवतील. तुमी न्हाई म्हटला तर दुसरं कोन येतंय बघा."

हे तो मनापासून म्हणाला की त्याला कुणी म्हणायला सांगितलं? त्याचा चेहरा पाहिला. रुमालामुळे अर्धाच दिसतो.

८ नोव्हेंबर, दिवाळी

तन्वी आली. पहाटे तुळशीसमोर कारिटाचं कडू फळ पायाने फोडलं, मग गोड पोहे, तिखट पोहे, ताकातले पोहे. दादा हसत होता. माझ्याशी बोलत नव्हता, पण हसत होता.

फराळ झाल्यावर मी तन्वीचे हात पाहिले. बोटांच्या बेचक्यांत पिवळट डाग, एका ठिकाणी कातडी सोललेली. तिने हात ओढून घेतला.

"आत्या, बाबांका दाखव नको."

"अगं, पण..."

"माका परत जावचा आसा. माका आवडता थंय. हयसर बसान काय करू? आवशीवांगडा खाडयेत उतरू?"

तिची आई, वैनी, मागेच उभी होती. तिने ऐकलं. पोह्यांचं ताट घेऊन आत गेली.

मी मुलीला टाकीपासून वाचवू पाहतेय आणि ती म्हणते मला तिथेच जायचंय. तिचंही बरोबर आहे. सगळ्यांचंच बरोबर आहे आणि तरी काहीतरी धडधडीत चूक आहे.

१५ नोव्हेंबर

उद्या ग्रामसभा. इ.सा.नी काय बोलायचं ते फोनवर समजावून सांगितलं. मधे कुठेही "क्रोम" नाही, "पाणी" नाही. प्रकाश म्हणतो, बोलू नकोस, आजारी पड, सरळ घरी निघून ये.

१६ नोव्हेंबर

आल्या आल्या लिहायला बसलेय.

शाळेच्या हॉलात सभा. इतकी माणसं कधी जमत नाहीत. सरपंच बाईंनी माझी ओळख करून दिली, "आपल्या गावची लेक." टाळ्या. इ.सा. पहिल्या रांगेत, शेजारी दादा. दादाला त्यांनीच पुढे बोलावून बसवलं होतं.

मी सुरुवात पुस्तकी केली. "आपल्या गावात होत असलेला हा प्रकल्प..." आणि मागे बायकांमध्ये वैनी दिसली. पदर डोक्यावरून. माझ्याकडे नाही, जमिनीकडे बघत होती.

मग तोंडात मालवणीच आली.

"शेडीत माग जोडूचे नाय आसत," म्हटलं. "लोखंडाक क्रोमचो मुलामो देतले. त्याचा पाणी वायट आसता. ता साफ करूचा मशीन येताहा. चलयला तर पाणी साफ होतला. नाय चलयला तर व्हाळान खाडयेत येतला. रोज चलयतले काय नाय, ता माका म्हायत नाय. म्हायत नाय ता म्हायत नाय म्हणान सांगतंय."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

मग एकदम गलका. पण मला वाटला होता तसा नाही. "मगे कंपनी जातली काय?" "पोरांच्या नोकऱ्यांचा काय?" "आधी कित्याक नाय सांगलंस? पोरां गेल्यार सांगतंस?" एक म्हातारी उठली, आमच्या शेजारची. तिने शांतपणे विचारलं, "चेडवा, इतक्या वायट आसा तर तू थंय काम कित्याक करतस?"

याला काय सांगायचं?

आणि तेव्हा इ.सा. उठले. वाटलं, आता संपलं आपलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकटेच, सावकाश. "असा प्रामाणिकपणा आम्हाला हवा होता. म्हणूनच सुमनताईंना इथे आणलं. गावापासून आम्हाला काहीही लपवायचं नाही. गावाची एक समिती करू. पाण्यावर लक्ष ठेवेल. ताई तिच्या प्रमुख."

लोक शांत झाले. काहींनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. सरपंच बाईंनी चहा सांगितला.

दादा माझ्याकडे न बघता बाहेर गेला.

१७ नोव्हेंबर

दिवसभर एकच डोक्यात. मी त्यांच्याविरुद्ध बोलले, की त्यांच्यासाठी?

आता कोणी म्हणू शकत नाही की गावाला सांगितलं नव्हतं. सांगितलं, आणि तेही गावच्या लेकीने, गावच्या भाषेत. आणि गाव चहा पिऊन घरी गेलं. इ.सा.ना हे असंच हवं होतं का? मी ओळखणार हे त्यांना माहीत होतं, असं तेच म्हणाले होते. मग मी बोलणार हेही माहीत असेल? का मी नको इतकं डोकं चालवतेय? एखादा माणूस कोंडीत सापडला की टाळ्याही वाजवतो. ऐन वेळी सुचलं असेल.

प्रकाश म्हणाला, "काही असो. तुझ्या शब्दाला वजन आहे हे त्यांना कळलंय. आता ते वजन ते वापरणार."

१९ नोव्हेंबर

मी पडवीत असले की दादा जेवायला मागच्या दाराने येतो.

२३ नोव्हेंबर

तन्वीचा फोन. रडत होती. तिला एकटीला टाकीवरून काढून जोडणी विभागात घातलं. बाकीची मुलं टाकीवरच. ती तिला बोलतात, "आत्येच्या वशिल्याची."

"तू सांगलंस मा सायबाक? तूच सांगलंस!"

नाही गं बाई. देवाशप्पथ नाही. तिने विश्वास ठेवला नाही, ठेवणार कसा? मीच कोणावर ठेवत नाही.

का काढलं तिला? तिच्या हातांसाठी? माझ्यावर उपकार म्हणून? की उद्या मी काही बोलले तर तिला पुन्हा टाकीवर घालता यावं म्हणून? चांगली गोष्टसुद्धा उलटी करून बघावी लागते. इ.सा.ना विचारलं तर म्हणाले, "मुलगी हुशार आहे, बस." चेहऱ्यावर काहीच नाही.

२८ नोव्हेंबर

वैनी आज माझ्या खोलीत आली. ती अशी येत नाही. कालवं सोलून आणली होती वाटीभर, ती खाली ठेवली. खाटेवर टेकली.

"सुमन, तू बोललंस ता बरा केलंस."

इतक्या दिवसांत असं म्हणणारं पहिलं माणूस.

"ह्येंका राग इलोहा. जातलो. पण माका एक सांग. त्या पाण्यात वायट इला, तर आमका कळतला कसा? रंग दिसता?"

जास्त असलं तर पिवळा दिसतो, म्हटलं. थोडं असलं तर दिसत नाही. वासही येत नाही. कालवं वाढत राहतील. आपण खात राहू.

तिने वाटी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाली, "मगे आताचा पाणी कसा आसा, ता कोणाक म्हायत आसा?"

कोणालाच माहीत नाही. उद्या पाणी बिघडलं तरी कंपनी म्हणेल आधीपासून असंच होतं, आणि आपल्याकडे बोलायला काही नसेल. रोज दांड्यांची मापं घेणाऱ्या मला हे सुचायला हवं होतं. गेले दोन महिने मी माणसांचे चेहरे तपासत बसले होते.

२ डिसेंबर

इ.सा.ना सांगितलं. पाण्याची जबाबदारी घेते. पण यंत्रं सुरू होण्याआधी व्हाळाच्या तोंडाचं पाणी, चिखल आणि कालवं तपासून घेणार. बाहेरच्या प्रयोगशाळेत, कोल्हापूरला. आणि नमुने गावच्या बायका घेणार, कंपनीचं माणूस नाही.

मला वाटलं अडवतील. "उत्तम कल्पना," म्हणाले. "आम्हालाही एक प्रत द्या निकालाची."

पुन्हा तेच. दार ढकलायला जावं तर ते उघडंच असतं, आणि आत कोण बसलंय ते दिसत नाही.

मी हो म्हणून चुकले का? मगदूमला हेच हवं होतं, इ.सा.ना हेच हवं होतं. दोघांना एकच गोष्ट हवी असेल तर ती माझ्या भल्याची कशी? पण सोडून गेले तर इथे कोण असेल? रोज सकाळी उलटसुलट करते. प्रकाश म्हणाला, "वर्षभर बघ. मी येत जाईन शनिवारी." त्याच्यावर मात्र आता संशय नाही. एवढं तरी.

७ डिसेंबर

दादाने आपणहून विचारलं, "होडी होयी काय तुका?" एवढंच. तोंड दुसरीकडे. वैनीने नमुन्यांचं सांगितलं असणार.

८ डिसेंबर

सुकतीला, ओहोटी लागल्यावर, निघालो. दादा वल्ह्यावर, मधे मी बाटल्यांची पेटी मांडीवर घेऊन, पुढे वैनी. मागून शेजारची म्हातारी आणि अजून दोघी किनाऱ्याने चालत आल्या. सभेत मला विचारणारी तीच म्हातारी.

व्हाळ जिथे खाडीला मिळतो तिथे पाणी थंड होतं, काचेसारखं. तळाचे खडक दिसत होते, त्यांना चिकटलेली कालवं दिसत होती. वैनी उतरली, बाटली बुडवून भरली, मी सांगितलं तशी, काठोकाठ. मग चिखल. मग कालवं फोडून. म्हातारीने एक तोंडातच टाकलं. म्हणाली, "ह्या तपासून झाला. गोड आसा." सगळ्या हसल्या. मीही. किती दिवसांनी.

दादा बाटली उन्हात धरून बघत होता.

"ह्यात काय दिसताहा तुका?"

"आता काही नाही."

"म्हणजे बरा आसा?"

"ते प्रयोगशाळा सांगेल."

"नि बरा आसा म्हणान इला, तर सायब ताच दाखयत फिरतलो. बघा, आमची कंपनी, पाणी कसा निवळ. मगे?"

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. दादाच्या आलं. म्हणजे संशय काही माझ्या एकटीचा नाही, घरातच आहे. मला त्याचं बरं वाटलं.

प्रत्येक नमुन्याच्या दोन बाटल्या भरल्या. एक कोल्हापूरला. दुसरी कोणाकडे ठेवायची? पाणी टिकत नाही, हे मला माहीत आहे. दिवस गेले की त्या बाटलीला काही अर्थ राहणार नाही. तरी वैनी म्हणाली, माझ्याकडे दे. पदरात गुंडाळली. मी दिली.

परतताना सड्याच्या घाटीत ट्रकचा आवाज आला. पहिल्या गियरमध्ये, दमून चढणारा. टाक्या आज-उद्या येणार असं मगदूम म्हणाला होता. दादाने वल्हं उचलून धरलं. होडी तशीच पुढे सरकत राहिली. सगळे वर बघत होतो, पण इथून रस्ता दिसत नाही, नुसती झाडं आणि शेडीच्या नव्या पत्र्याची कड.

"भरलेलो आसा," दादा म्हणाला.

वैनी म्हणाली, "कोणाच्या तरी घराच्या चिऱ्यांचो आसतलो."

आवाज वळणावर गेला, थोडा वेळ बंद पडल्यासारखा झाला, आणि पुन्हा सुरू झाला.